लोखंडाचा ताव आणि इंग्रजीतली एक म्हण

तासगावहून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: "मॅडम, बँकेच्या मुलाखतीत मला म्हणाले, तुमचा एक चांगला गुण सांगा. मी म्हटलं, 'आय ऑलवेज स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट. आय नेव्हर कीप माय वर्क पेंडिंग.' समोरच्या बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, 'यू मीन यू आर पंक्च्युअल?' माझ्या गाइडात या म्हणीचा अर्थ 'त्वरित कृती करणे' असाच दिलाय. मग माझं चुकलं कुठं? आणि ही म्हण नेमकी वापरायची कधी?"

तुझ्या वाक्याचं व्याकरण बरोबर होतं. गाइडातला अर्थ मात्र अर्धाच आहे, आणि त्या अर्ध्या अर्थानंच तुला अडचणीत आणलं. गेली कित्येक वर्षं सांगलीत स्पर्धा परीक्षेची मुलं शिकवताना मी हीच अडचण पुन्हा पुन्हा बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'त्वरित' हा या म्हणीचा शेवटचा भाग झाला. त्याच्या आधी दोन गोष्टी घडलेल्या असाव्या लागतात. एक, कशामुळे तरी परिस्थिती तापलेली आहे, म्हणजे एरवी न वाकणारी गोष्ट आत्ता वाकेल अशी झालेली आहे. दोन, हा ताव टिकणारा नाही, थोड्या वेळानं तो उतरणार आहे. ही दोन्ही असतील तरच 'आत्ता घाव घाल' या सांगण्याला अर्थ येतो. तू वाक्यात घातलास 'ऑलवेज' हा शब्द, आणि तिथंच म्हण मोडली. लोखंड कायम तापलेलं कुणाचंच नसतं. 'मी नेहमी संधी तापलेली असताना घाव घालते' हे ऐकणाऱ्याला कळेना, की कुठली संधी, आणि नेहमी कशी? पुढच्या वाक्यात तू काम तुंबू देत नाही असं म्हणालीस. टेबलावर पडलेली फाइल आज केली काय किंवा उद्या केली काय, ती गार होत नाही. ती वेळेत करणं हा चांगला गुण आहे, पण त्याचा या म्हणीशी संबंध नाही. त्या बाईंनी 'पंक्च्युअल' म्हणून तुला सावरून घेतलं.

आता ही म्हण जिथून आली त्या भट्टीपाशी जाऊ, कारण तिथं पाच मिनिटं उभं राहिलं की अर्थ पाठ करावा लागत नाही. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद घेऊन ते कोयते घडवतात. नवरा ऐरणीपाशी बसलेला असतो, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडा. समोर बायको दोन्ही हातांनी घण घेऊन उभी. तो भट्टीतून पट्टी काढतो, रंग बघतो, ऐरणीवर ठेवतो आणि हातोड्यानं एका जागी टक् करून दाखवतो. त्याच जागी तिचा घण पडतो. पुन्हा टक्, पुन्हा घण. पहिल्या घावांना पट्टीवरचे जळके पापुद्रे उडून पडतात आणि खालचं नारिंगी पोलाद दिसतं. तीन-चार घाव पडले की रंग लालवर येतो, मग काळपट लालवर. त्याबरोबर तो पट्टी उचलून परत निखाऱ्यात खुपसतो. बायको घण टेकवून श्वास घेते. दोघंही एक शब्द बोलत नाहीत, रंगच सगळं सांगतो.

त्या रंगामागे साधं शास्त्र आहे. काळपट लाल म्हणजे साधारण सातशे अंश सेल्सिअस, नारिंगी म्हणजे नऊशे-हजाराच्या आसपास, पिवळ्याकडे झुकलं की अकराशेच्या पुढं. नारिंगी-पिवळ्या तावात पोलाद घणाखाली पसरतं. लाली उतरल्यावर मारलं तर ते पसरत नाही, उलट तडकण्याची भीती असते. आणि दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या उजेडापर्यंत तापवलं तर ठिणग्या उडायला लागतात आणि पोलाद जळतं. जळलेलं पोलाद मग कामाचं राहत नाही. पट्टी जितकी पातळ तितकी ती लवकर निवते, म्हणून कोयत्याची धार काढताना वेळ आणखी कमी मिळतो. (हे सगळं घडीव लोखंडाला लागू. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम निराळं. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर झाले ते ओतकामावर. बीड कितीही तापवून घण घातला तरी ते फुटतं, म्हणून या म्हणीतलं आयर्न ते नव्हे.)

यातून मला तुझ्यासाठी एवढंच काढायचं आहे, की लोहार घाई करत नाही. तो थांबलेला असतो. भट्टीपाशी थांबतो, रंग येईपर्यंत थांबतो, आणि रंग आला की मग थांबत नाही. या म्हणीत वाट बघणं आणि घाव घालणं दोन्ही आहे. गाइडात फक्त घाव येतो. रानातलं उदाहरण तुला लगेच पटेल. पाऊस पडून गेल्यावर चिखलात कुणी कुरी धरत नाही आणि वरची माती सुकून कडक झाल्यावरही धरून उपयोग नसतो. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की मात्र घरात पाहुणे असले तरी बाप औत जुंपतो. 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' म्हणजे वापशावर पेरणं.

म्हण जुनी आहे. इंग्रजीत ती चौदाव्या शतकाच्या अखेरीला चॉसर या कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये मिळते, त्यातल्या मेलिबीच्या गोष्टीत. ही गोष्ट त्यानं फ्रेंचवरून घेतली होती, आणि फ्रेंचमध्ये आजही हीच म्हण रोजच्या बोलण्यात आहे. पण चॉसरनं ती कुणाच्या तोंडी घातली ते बघण्यासारखं आहे. मेलिबी बाहेर गेलेला असताना शत्रू त्याच्या घरात शिरतात, बायकोला मारहाण करतात, मुलीला पाच जखमा करतात. तो सल्ला घ्यायला लोक जमवतो. जाणती माणसं सांगतात, घाई करू नकोस, विचार कर. त्यावर तरुण पोरं उसळून उठतात, म्हाताऱ्यांची टर उडवतात आणि ओरडतात, की लोखंड तापलेलं असताना जसा घाव घालावा तसा अपमान ताजा असतानाच सूड घ्यावा, युद्ध, युद्ध! लगेच एक म्हातारा उठून सांगतो, 'युद्ध' म्हणून ओरडणाऱ्या पुष्कळांना युद्ध म्हणजे काय याची कल्पनाच नसते. शेवटी मेलिबीची बायको प्रुडन्स त्याला समजावत समजावत क्षमेपर्यंत आणते.

म्हणजे चॉसरच्या या गोष्टीत ही म्हण येते ती चुकीच्या सल्ल्याच्या रूपानं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि मुलांना मी ते आवर्जून सांगते. त्या पोरांनी राग तापलेला पाहिला आणि त्यालाच संधी समजले. तापलंय काय, आपलं डोकं की समोरचं लोखंड, हे आधी बघायला हवं. आपलं डोकं तापलेलं असताना कुणी 'स्ट्राइक' म्हणत असेल तर तो म्हणीचा गैरवापर आहे. भाऊबंदकीच्या भांडणात दुसऱ्याच दिवशी कोर्टात जा म्हणणारा माणूस आणि मेलिबीच्या घरातली ती पोरं, दोघं एकाच रांगेतले.

आता मराठीकडे. 'लोखंड तापलंय तोवर घाव घालावा' असं आपणही म्हणतो, ते कळतं आणि चालतं. पण परीक्षेत किंवा भाषांतरात मुलं एक मराठी वाक्प्रचार हमखास लिहितात, 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे', आणि तिथं अर्थ घसरतो. ऐकायला दोन्ही सारखे, ताव दोन्हीकडे आहे. पण मराठीत 'त्यानं तापल्या तव्यावर आपली पोळी भाजून घेतली' म्हटलं की त्यात नापसंती असते. तवा दुसऱ्यानं तापवला, लोक कुठल्या तरी अडचणीत होते आणि यानं मधल्यामध्ये स्वतःचं साधून घेतलं, असा वास त्या वाक्याला येतो. 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' याचंही तसंच. इंग्रजी म्हणीत ही नापसंती नाही. लोहार स्वतःच्या भट्टीत, स्वतःच्या कष्टानं तापवलेल्या लोखंडावर घाव घालतो, त्यात कुणाचं काही हिरावलेलं नसतं. 'पुरानंतरच्या नाराजीत अमुक पक्षानं आपली पोळी भाजून घेतली' या बातमीचं इंग्रजी करायचं असेल तर 'कॅश्ड इन ऑन' किंवा 'मेड पोलिटिकल कॅपिटल आउट ऑफ' हे जवळचे. तिथं 'स्ट्रक व्हाइल द आयर्न वॉज हॉट' लिहिलंस तर टीकेचं कौतुक होऊन बसेल.

'शुभस्य शीघ्रम्' आपल्याकडे सर्रास वापरतात. ते अर्थाला जवळ आहे, सगळं नाही. शुभ काम लवकर करावं, मन बदलायच्या आत करावं, एवढंच त्यात आहे. बाहेरची परिस्थिती तापली आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

नेमकी कधी वापरायची हे उदाहरणांनी बघू, तुझ्या ओळखीच्या जागेतल्या.

हळद घे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वरून तोंड बंद केलं की आत हवा नाही आणि कीडही नाही. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ गेली आणि आता माल गोदामात नाही तर शीतगृहात असतो, पण हिशेब तोच: हळद टिकते, म्हणून शेतकरी किंवा व्यापारी दराची वाट बघू शकतो. समज, एका शेतकऱ्यानं दर पडलेले म्हणून माल ठेवला. पुढं कुठंतरी पीक कमी आल्याची बातमी आली, मार्केट यार्डात सौद्याला दर चढला, आणि त्यानं त्याच आठवड्यात सगळी पोती बाहेर काढली. 'ही स्ट्रक व्हाइल द आयर्न वॉज हॉट.' हे वाक्य इथं अगदी फिट्ट बसतं. तो घाईचा माणूस नाहीच, कितीतरी दिवस गप्प बसला होता. पण दर चढलेला आठवडा त्यानं ओळखला.

दुसरं उदाहरण आपल्या घराघरातलं. मुलगी बघायला पाहुणे आलेत, दोन्हीकडची मंडळी खूश आहेत, मामा-काका सगळे हजर आहेत. कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, "मंडळी जमलीच आहेत, तर आजच सुपारी फोडून घेऊ." याच न्यायानं कितीतरी घरांत साखरपुड्यातच लग्न उरकलं जातं. त्या आजोबांचं वाक्य इंग्रजीत न्यायचं तर याच म्हणीनं न्यावं. दोन्ही घरांचं मन एका ठिकाणी आलंय, आठ दिवसांनी कुणाच्या मनात काय भरेल सांगता येत नाही, तेव्हा आत्ता. (मुलीला विचारलंय का, हा प्रश्न त्या आजोबांना कुणीतरी विचारला पाहिजे. तिचं मन तयार नसेल तर लोखंड तापलेलंच नाही.)

तिसरं सार्वजनिक. गावात पुलाला कठडा नाही म्हणून वर्षानुवर्षं अर्ज चाललेत. एका ग्रामसभेला बडे अधिकारी स्वतः आले, लोक एकमुखानं बोलले, अधिकाऱ्यांनी मान डोलावली. जाणती ग्रामपंचायत सदस्य त्याच सभेत ठराव लिहून घेते, सूचक-अनुमोदक घालते आणि अधिकारी गाडीत बसायच्या आत प्रत हातात देते. इंग्रजी अहवालात लिहायचं झालं तर 'द मेंबर डिसायडेड टू स्ट्राइक व्हाइल द आयर्न वॉज हॉट'. महिन्याभरानं तोच ठराव पाठवला असता तर तो नुसता आणखी एक कागद झाला असता.

आणि जिथं वापरू नये असं एक. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आपल्याला पाठ असते: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. समज, पाणी चाळीसकडे चाललंय आणि तू शेजाऱ्यांना जनावरं हलवायला सांगतेस. तातडी इथं कुठल्याही संधीपेक्षा जास्त आहे, तरी ही म्हण इथं चालत नाही. कारण इथं मिळवायचं काही नाही, वाचवायचं आहे. ही म्हण संधीची आहे, संकटातून सुटण्याची नाही. पूर येतोय म्हणून 'लेट्स स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' म्हणालीस तर इंग्रजी जाणणारा माणूस दचकेल, पुराचा फायदा घेतेस की काय असं त्याला वाटेल. तिथं साधं 'देअर इज नो टाइम टु लूज' पुरे. याच कारणानं कुणाच्या आजारपणात, मयतीत, नुकसानीत ही म्हण तोंडातून काढू नये.

संकटाच्या बाजूची म्हण वेगळी आहे: 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन'. थॉमस फुलरच्या १७३२ च्या म्हणींच्या संग्रहात ती येते, तिथं 'मे सेव्ह नाइन' असं, म्हणजे 'वाचवू शकेल' असं सावध रूप आहे. पावसाळ्याआधी कौलं शाकारून घेणं, कालव्याची छोटी फूट मोठी व्हायच्या आत बुजवणं, ही या टाक्याची कामं. आणि ते न केल्यावर 'बैल गेला आणि झोपा केला' आहेच, तिकडं इंग्रजीत घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावतात.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स'शी. गल्लत व्हायला कारणही आहे. जॉन हेवूडनं १५४६ साली म्हणींचा जो संग्रह छापला त्यात या दोन्ही एकापाठोपाठच येतात: ऊन आहे तोवर गवत वाळवा, आणि तसाच एक धडा लोहाराच्या भट्टीतून, लोखंड तापलंय तोवर घाव घाला. पण कामाचा प्रकार निराळा आहे. इंग्लंडात पाऊस कधी येईल नेम नाही. कापलेलं गवत उन्हात पसरून, पालथं करून वाळवायचं, आणि ओलं राहून गंजीत गेलं तर त्याला बुरशी येते, आतून ते तापतं, कधी आपोआप पेटतंही. म्हणून ऊन आहे ते सगळे दिवस राबायचं. तुला हे तासगावात शिकवायला नको. द्राक्षं तोडून, डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, शेडमध्ये जाळीवर टाकली की पुढचे साधारण दोन आठवडे सगळं घर बेदाण्याच्या मागं असतं आणि नजर आभाळाकडे असते. अवकाळी आला की माल काळा पडतो, दर जातो. ते 'मेक हे'. चांगला काळ चालू आहे, तो असेतो रोज काम ओढत राहा. 'स्ट्राइक' मध्ये काम एका घावाचं असतं, एका निर्णयाचं, एका सहीचं. ऊस गाळपाच्या हंगामात ज्याचा ट्रॅक्टर रात्रंदिवस फिरतो तो 'मेक हे' करतो. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी बोलणं जुळलेलं असताना ज्यानं त्याच दिवशी वाहतुकीचा करार करून घेतला त्यानं 'स्ट्राइक' केलं.

बाकीच्या भराभर सांगते. 'जंप द गन' म्हणजे शर्यतीत पिस्तूल वाजायच्या आधी पळणं, आपला उतावळा नवरा आणि त्याचं गुडघ्याचं बाशिंग इथंच. भट्टीच्या भाषेत, लोखंड लाल व्हायच्या आधी मारलेला घाव. 'ऑन द स्पर ऑफ द मोमेंट' म्हणजे मनात आलं आणि केलं, आधी काही ठरलेलं नव्हतं. 'अॅट द ड्रॉप ऑफ अ हॅट' म्हणजे आढेवेढे न घेता एका पायावर तयार असणं. 'कॉल हर, अँड शी विल हेल्प अॅट द ड्रॉप ऑफ अ हॅट'. 'डोन्ट लेट द ग्रास ग्रो अंडर युअर फीट' हे आळशाला उठवायला. तुझ्या मुलाखतीतल्या अर्थाला खरं तर हे शेवटचं जास्त जवळ होतं. लोहाराच्या भट्टीतलं आणखी एक आहे, तेही लक्षात ठेव: 'टू मेनी आयर्न्स इन द फायर', एकाच वेळी भट्टीत फार पट्ट्या घातल्या की एकीवर घाव घालेपर्यंत दुसरी जळते. एमपीएससी, बँक, तलाठी, पोलीस भरती, सगळे फॉर्म एकदम भरणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम शिकवते.

आता वाक्यात घालताना काय सांभाळायचं ते. म्हण भूतकाळात नेलीस की दोन्ही क्रियापदं हलतात: 'शी स्ट्रक व्हाइल द आयर्न वॉज हॉट'. मुलं 'स्ट्रक' करतात आणि 'इज' तसंच ठेवतात, ते चूक. 'स्ट्राइक्ड' असं रूप नाही. 'स्ट्रिकन' आहे, पण ते विशेषणासारखं, 'ड्रॉट-स्ट्रिकन' म्हणजे दुष्काळानं ग्रासलेला. जत-आटपाडीच्या बातम्यांत दिसेल. 'द' सोडू नकोस, 'व्हाइल आयर्न इज हॉट' लंगडं वाटतं. 'व्हाइल' च्या जागी 'व्हेन' जुन्या इंग्रजीत सापडतं, पण आज 'व्हाइल'च रूढ आहे, आणि ते अर्थालाही धरून आहे: तापलेलं असण्याचा तो थोडासा काळ त्यात येतो. हुकलेली संधी सांगायची तर 'वी शुड हॅव स्ट्रक व्हाइल द आयर्न वॉज हॉट', हे रूप बोलताना फार उपयोगी पडतं आणि मुलांना क्वचितच येतं. उच्चारात ब्रिटिश बोलण्यात 'र' जवळजवळ ऐकू येत नाही, 'आय-अन' असं होतं. आपण 'आयर्न' म्हणतो तेही कळतं, पण ऐकण्याच्या परीक्षेत 'आय-अन' कानावर पडलं तर गोंधळू नकोस. आणि वर्गात दरवर्षी कुणीतरी याचा अर्थ इस्त्री गरम आहे तोवर कपडे उरकून घ्या असा लावतं. इस्त्रीलाही इंग्रजीत आयर्नच म्हणतात, त्यामुळं गैरसमज समजण्यासारखा आहे, पण 'स्ट्राइक' म्हणजे घाव, आणि इस्त्रीनं कुणी घाव घालत नाही. संपाचा 'स्ट्राइक'ही इथला नव्हे.

कुणापुढं वापरावी, याचाही विचार कर. मैत्रिणीशी, सहकाऱ्याशी, बैठकीत, ई-मेलमध्ये चालते. पण साहेबाला उद्देशून 'यू शुड स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' म्हणणं उपदेशासारखं लागतं. 'मे बी वी कॅन सेंड द प्रपोजल टुडे, व्हाइल द आयर्न इज हॉट' असं 'आपण' मध्ये बोललीस तर तेच गोड लागतं. इथं 'स्ट्राइक' गाळून नुसता उत्तरार्ध वापरलाय बघ. ओळखीची म्हण अशी अर्धी वापरणं स्वाभाविक इंग्रजीत पुष्कळ चालतं. निबंधात एकदा पुरे. फार वापरलेली म्हण आहे, दोनदा आली की तपासणारा कंटाळतो.

वस्तुनिष्ठ प्रश्नात पर्याय बहुतेक असे येतात: 'टू अॅक्ट क्विकली', 'टू टेक अॅडव्हान्टेज ऑफ अ फेव्हरेबल मोमेंट', 'टू वर्क हार्ड', 'टू बीट समवन'. पहिला आणि दुसरा दोन्ही समोर असतील तर दुसरा निवड. पहिल्यात फक्त वेग आहे, दुसऱ्यात योग्य वेळ आहे. दुसरा नसेल तर मग पहिला.

आणि तुझी मुलाखत. पुढच्या वेळी 'काम तुंबू देत नाही' एवढंच सांगायचं असेल तर साधं सांग: 'आय डोन्ट लेट वर्क पाइल अप.' सहा शब्दांचं साधं वाक्य म्हणीपेक्षा जास्त वजनदार असतं. म्हण वापरायचीच असेल तर आधी प्रसंग सांग आणि मग म्हण. तू मला सांगितलं होतंस, की तुमच्या गावात बँकेचे अधिकारी कर्ज मेळाव्याला आले तेव्हा तू त्याच संध्याकाळी बचत गटातल्या बायकांची कागदपत्रं गोळा करून फॉर्म भरून दिलेस. ते असं बोल: 'द ऑफिसर्स वेअर इन अवर व्हिलेज दॅट डे, अँड द विमेन वेअर रेडी. सो आय गॉट द फॉर्म्स फिल्ड द सेम इव्हनिंग. आय फेल्ट वी हॅड टु स्ट्राइक व्हाइल द आयर्न वॉज हॉट.' यात ताव कशानं आला ते आहे, तो का टिकणार नव्हता ते आहे, आणि तू काय केलंस तेही आहे. हे ऐकल्यावर 'यू मीन पंक्च्युअल?' असं कुणी विचारणार नाही.

शनिवारी येताना ही तीन वाक्यं इंग्रजीत करून आण. 'निकाल लागल्या दिवशीच मामांनी बाबांकडून माझ्या पुण्याच्या शिक्षणाला होकार मिळवला.' 'पाऊस सुरू व्हायच्या आत आईनं पत्र्याची भोकं बुजवून घेतली.' 'काकांनी बातमी खरी की खोटी न बघताच जमिनीचा सौदा केला.' ही म्हण यातल्या एकाच वाक्यात बसते. उरलेल्या दोन्हींसाठी वर वेगवेगळ्या म्हणी आल्या आहेत, त्या शोधून लाव, आणि प्रत्येक ठिकाणी तीच का निवडलीस ते मराठीत एका ओळीत लिही.